सावळ्या पापणीवरचे रंग

नवरात्रात सकाळी पनवेलहून सुटणाऱ्या लोकलचा महिला डबा पाहावा. एके दिवशी सगळा डबा हिरवा, दुसऱ्या दिवशी राखाडी, तिसऱ्या दिवशी केशरी. वृत्तपत्रांनी वीसेक वर्षांपूर्वी रुजवलेली नऊ रंगांची ही प्रथा आता कुणाला सांगावी लागत नाही. खारघरला चढणारी नर्स, कळंबोलीहून रिक्षाने स्टेशन गाठणारी कारकून, कॉलेजची मुलगी, सगळ्यांनी आदल्या रात्रीच कपाट उपसलेलं असतं. साडी त्या रंगाची, ओढणी त्या रंगाची, बांगड्या, टिकली, कानातलं, अगदी मोबाइलचं कव्हरसुद्धा. आणि टिकलीपाशी आला की हा रंग थांबतो. चेहऱ्यावर वर्षभर असते तीच तपकिरी-गुलाबी लिपस्टिक, तेच काळं काजळ.

पापणीवर हिरवा का नाही, डोळ्याच्या कडेला केशरी का नाही, असं विचारलं तर बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आपल्या रंगाला नाही गं शोभत.’ आई सांगते, मावशी सांगते, दुकानातला माणूसही सांगतो. सावळ्या वर्णाने भडक लावू नये, फिकं आणि सौम्य लावावं, म्हणजे उठून दिसत नाही. मला हे वाक्य मनापासून खटकतं, कारण ते हौशीने रंग खेळू पाहणाऱ्या मुलीला पहिल्याच पायरीवर अडवतं. शिवाय ते चुकीचं आहे. प्रकाश आणि रंगद्रव्य यांचे नियम पाहिले तर गोष्ट नेमकी उलट आहे: सावळ्या त्वचेवर फिकट रंग बिघडतात आणि गडद, झगझगीत, रंग बदलणारे रंग खुलतात.

ही समजूत आली कुठून? आपल्याकडे बाटलीबंद प्रसाधनाची सुरुवातच पांढऱ्यापासून झाली. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं, आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या मराठी घरांत नटण्याला ‘स्नो-पावडर करणं’ असंच नाव पडलं. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली, तेव्हा निदान इथल्या बाईसाठी इथे बनलेली लिपस्टिक मिळू लागली. पण १९७५ ला आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने पुन्हा सगळं लक्ष त्वचा उजळण्याकडे वळवलं. त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडावं लागलं. शंभर वर्षं आपण चेहऱ्यावर काय लावायचं याचा विचार केला तो बहुतेक वेळ चेहरा किती पांढरा दिसेल याच हिशेबाने. डोळ्यांच्या रंगांच्या डब्या आल्या त्याही परदेशी छटांच्या. फिकट गुलाबी, फिकट आकाशी, फिकट जांभळा. त्या गोऱ्या कातडीसाठी बेतलेल्या होत्या. आपल्या पापणीवर त्या राखेसारख्या दिसल्या, आणि दोष आपल्या रंगाला लागला.

राखेसारखं का दिसतं, हे समजून घेण्याजोगं आहे. फिकट रंग बनवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गडद रंगद्रव्यात पांढरं मिसळणं. हे पांढरं बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, जोडीला टाल्क. टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण प्रकाश चौफेर विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसतात आणि खालचं झाकतात. पण त्यांचा थर पातळ असेल आणि खाली गडद पृष्ठभाग असेल, तर विखुरलेल्या प्रकाशात निळ्या बाजूचा प्रकाश जास्त परत येतो. उदबत्तीचा धूर काळोख्या कोपऱ्यासमोर निळसर दिसतो तो याच कारणाने. सनस्क्रीन चोपडल्यावर सावळ्या चेहऱ्यावर येणारी ती पांढुरकी-जांभळट झाकही हीच. म्हणजे फिकट गुलाबी आयशॅडो सावळ्या पापणीवर लावली की गुलाबी थोडा, पांढरा बराच आणि त्यातून निघणारा राखाडी-निळा सगळ्यात जास्त, असं मिश्रण दिसतं. त्यात रंगद्रव्याचाही दोष नाही आणि त्वचेचाही. जोडी चुकलेली असते.

उपाय दोन. पांढरं कमी आणि रंगद्रव्य जास्त असलेला रंग घ्यावा: गडद निळा, मोरपंखी, राणी, विटकरी, जांभळा, हळदीसारखा पिवळा. आणि फिकटच लावायचा हट्ट असेल तर पापणीवर आधी आपल्या त्वचेच्या छटेचं कन्सीलर पातळ फिरवून घ्यावं, म्हणजे खालचा गडदपणा तुटतो. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठीही हेच शास्त्र कामाला येतं. सावळ्या त्वचेवर ती वर्तुळं निळसर-करडी दिसतात. निळ्याच्या समोरचा रंग केशरी. त्यामुळे थोडं केशरी करेक्टर आधी थापून वर कन्सीलर लावलं की राखाडी मरतं. सरळ पांढरट कन्सीलर लावलं तर वर्तुळ आणखी करडं होतं.

आता डबीत असतं काय ते पाहू. आयशॅडोची वडी म्हणजे अभ्रकाची आणि टाल्कची पूड, थोडं तेल किंवा सिलिकॉन बांधायला, आणि रंगद्रव्य. तांबडा, पिवळा, तपकिरी आणि काळा हे बहुतेक लोखंडाचे ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू आणि भिंतीला देतात ती पिवडी यांच्याच कुळातले. फरक इतकाच की प्रसाधनांसाठी ते कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवतात, कारण जमिनीतून काढलेल्या मातीत शिसं आणि आर्सेनिक मिसळलेलं असू शकतं. हिरवा क्रोमियमचा ऑक्साइड. जांभळा मँगनीजचा. किरमिजी हवा असेल तर एका किड्यापासून मिळणारं कार्माइन. आणि निळा, विशेषतः तो खोल, शाईसारखा निळा, तो अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून दळून काढत आणि तो सोन्याच्या भावाने विकला जाई. १८२८ च्या सुमारास युरोपात तो कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत सापडली आणि भाव कोसळला, इतका की आपल्या आज्या पांढरे कपडे धुताना शेवटच्या पाण्यात जी नीळ घालत ती हाच अल्ट्रामरीन असे. (म्हणून घरची नीळ पापणीला लावू नये. पदार्थ एक असला तरी शुद्धतेचा दर्जा वेगळा असतो.)

हे सगळे रंग एका अर्थाने साधे आहेत. ते काही प्रकाश शोषतात, उरलेला परत पाठवतात. दुसरी जात आहे ती मात्र मला सगळ्यात आवडते, आणि तिच्यासाठी पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला बारा किलोमीटर जायची तयारी हवी.

कर्नाळ्याच्या सुळक्याखालचं पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं. तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २००३ नंतर वाढून बारा झालं. तिथे फुलांवर भिरभिरणारा जांभळा शिंजीर पाहा. नर सावलीत बसला की कोळशाच्या तुकड्यासारखा काळा. फांदी हलून उन्हाचा कवडसा अंगावर पडला की त्याच पिसांतून निळा निघतो, त्याने मान वळवली की जांभळा, पुन्हा वळवली की हिरवट. त्या पिसांत निळं रंगद्रव्य मुळीच नाही. पिसाच्या आत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चकत्यांचे थर रचलेले असतात. एका थरावरून परतलेला प्रकाश आणि त्याखालच्या थरावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. थरांच्या अंतराशी ज्या रंगाची लहर जुळते तो रंग बळावतो, बाकीचे एकमेकांना मारतात. पाहण्याचा कोन बदलला की अंतर बदलल्यासारखं होतं आणि रंग बदलतो.

या रचनेत मेलॅनिन दोन कामं करतं. थर उभे करतं, आणि आत घुसलेला नको तो प्रकाश गिळून टाकतं. हे दुसरं काम किती मोठं आहे ते पांढऱ्या मोरावरून कळतं. त्याच्या पिसाऱ्याची ठेवण मोराचीच असते, पण मेलॅनिन नसतं, आणि मेलॅनिनबरोबर तो निळा-हिरवा झळाळही गेलेला असतो. काळा आधार काढून घेतला की रंग विरतो.

बाजारात ‘ड्युओक्रोम’ किंवा ‘मल्टिक्रोम’ या नावाने मिळणाऱ्या आयशॅडो याच तत्त्वावर चालतात. अभ्रकाच्या अगदी पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवतात. आपण वर ज्याला राख म्हटलं तेच हे द्रव्य, पण इथे ते भुकटी म्हणून येत नाही, काचेसारखा गुळगुळीत थर होऊन येतं. मग रंग ठरतो तो थराच्या जाडीवर. ४० ते ६० नॅनोमीटर जाडी असेल तर रुपेरी, त्याहून थोडी जास्त तर सोनेरी, ८० ते १०० ला तांबूस, त्यापुढे निळा, आणि आणखी जाड झाला की हिरवा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकाने सोनेरीचा निळा होतो.

आता खरी गंमत इथे आहे. असा थर एक रंग परत पाठवतो आणि त्याचा पूरक रंग खाली जाऊ देतो. खाली पांढरा पृष्ठभाग असेल तर तो पूरक रंगही उलटून वर येतो, दोन्ही मिसळतात आणि डोळ्याला जवळजवळ पांढरं दिसतं. खाली गडद पृष्ठभाग असेल तर पूरक रंग तिथेच गिळला जातो आणि वरचा रंग एकटा, शुद्ध, झळाळून उठतो. म्हणून गोऱ्या पापणीवर ड्युओक्रोम लावताना आधी काळा बेस द्यावा लागतो. सावळ्या पापणीवर त्या बेसचा अर्धा भाग आधीच तयार असतो. तुमच्या त्वचेतलं मेलॅनिन शिंजिराच्या पिसातल्या मेलॅनिनचंच काम करत असतं.

खात्री करायला फार सामान लागत नाही. हाताच्या मागच्या बाजूला काजळाचा एक जाड पट्टा ओढा. कोरड्या बोटाने ड्युओक्रोमची चिमूट घेऊन अर्धी पट्ट्यावर आणि अर्धी नुसत्या त्वचेवर दाबा, घासू नका. मग हात खिडकीपाशी नेऊन हळूहळू वळवा. नुसत्या त्वचेवर हलकी झाक दिसेल. काजळावर तोच रंग धातूसारखा पेटलेला दिसेल आणि कोन बदलताच दुसरा होईल. एका डबीत दोन रंग होते, आणि पनवेलच्या बाजारात कुणी हे सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

काळ्यावर रंग खुलतो हे आपल्या माणसांना नवीन नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर पांढरे हलव्याचे दागिने घालतात ते कुणी प्रकाशशास्त्र शिकून ठरवलेलं नाही. पंढरपूरच्या काळ्या पाषाणावर पिवळं गंध कसं उठतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नजर तयार होती. ती चेहऱ्यापाशी येऊन अडली.

चेहऱ्यावर रंग टिकवण्याचं तंत्रही घरात होतं. जुन्या घरांतून अजून एखादी फणेरपेटी निघते: उघडल्यावर झाकणाच्या आत आरसा, खाली फणीचा कप्पा, कुंकवाचा करंडा आणि एक छोटी मेणाची डबी. त्या मेणाच्या डबीकडे आज कुणी पाहत नाही, पण सगळी हुशारी तिच्यात होती. बाई आधी कपाळावर बोटाने मेणाचा ठिपका ठेवी, तो हव्या त्या आकारात सारखा करी, आणि मग कोरडं कुंकू त्यावर दाबून जादा फुंकून टाकी. मेण त्वचेला चिकटतं, कुंकू मेणाला चिकटतं, आणि घाम मेणातून सहज वर येत नाही. चुलीपुढे दिवसभर बसूनही कुंकू फिसकटत नसे. आज ‘प्रायमर’ नावाने जी नळी विकतात तिचं काम हेच. आयशॅडो नुसत्या पापणीवर लावली तर दुपारपर्यंत पापणीच्या घडीत तेल साचतं आणि रंग गोळा होऊन रेघ उमटते. खाली मेणाची पेन्सिल किंवा क्रीम असेल तर तसं होत नाही. कुंकवाचे आकारही किती होते: वाटोळं, आडवी चिरी, चंद्रकोर, आणि देवीच्या उत्सवात सगळं कपाळ भरून मळवट. मळवट भरलेल्या बाईला ‘जरा भडक वाटतं’ असं कुणी म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कुंकू हे स्वतः रसायनाचं सुंदर काम आहे. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन, वाळवून, पुन्हा देऊन ती लाल करतात. हळदीतलं कर्क्युमिन टाकणखारातल्या बोरॉनशी जुळतं आणि पिवळ्याचा लाल होतो. सोलापूर जिल्ह्यातलं करमाळ्याजवळचं केम हे गाव या कुंकवासाठी नावाजलेलं आहे. अर्थात लाल दिसणारी प्रत्येक पूड हळदीची नसते. शेंदरात शिशाचा ऑक्साइड असू शकतो, आणि तो कपाळापुरताही नको, डोळ्याजवळ तर नकोच.

शिशाचा विषय निघाला की नाटकवाल्यांची आठवण येते. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर तोंड रंगवणं चालत आलं आहे. जुन्या मंडळ्यांच्या रंगपटात सफेदा आणि मुर्दाडशिंग असे. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. रात्रभर ते तोंडावर ठेवून, पहाटे खोबरेल तेलाने पुसून नट पुढच्या गावाला निघत, आणि त्वचेतून, नाकातोंडातून काय आत जातं याची कुणाला कल्पना नव्हती. मॅक्स फॅक्टरने १९३८ च्या सुमारास रंगीत चित्रपटांसाठी काढलेला पॅनकेक पुढे आपल्या रंगपटांतही आला. आज पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात प्रयोगापूर्वी रंगपटात डोकावलं तर शिशाचं काही दिसणार नाही. रंगभूषेची ही परंपरा कुठवर गेली ते पाहायचं असेल तर विक्रम गायकवाड यांचं काम पाहावं. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन चित्रपटांसाठी त्यांना उत्कृष्ट रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकीकडे पुरुषाचा चेहरा स्त्रीचा करायचा आणि दुसरीकडे ऐंशीच्या दशकातला भडक मेकअप भडकच ठेवायचा, ही दोन अगदी वेगळी कामं. कोकणातले दशावतारी तर अजूनही आपला चेहरा आपणच रंगवतात, हातात आरसा धरून. पुरुष आहोत म्हणून रंगाला लाजायचं, हे त्यांच्या गावी नाही.

खेळायचं असेल तर कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, आणि प्रसाधनांसाठीचे स्वतंत्र नियम २०२० चे. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला आपल्याकडे बंदी आहे. प्रसाधनात वापरलेल्या रंगात नकळत आलेलं शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. कोणती रंगद्रव्यं चालतील याची यादी भारतीय मानकात दिलेली आहे. म्हणून डबी उलटून पाहावी: उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत. हे चार नसतील तर रंग कितीही सुंदर असो, तो पापणीला लावू नये. स्टेशनबाहेर पन्नास रुपयांत मिळणाऱ्या अठरा रंगांच्या पॅलेटवर बहुधा यातलं काहीच नसतं.

झगझगीत निऑन गुलाबी आणि केशरी यांच्याबाबत जरा जास्त सावध राहावं. ते रंग बहुधा कृत्रिम डायचे असतात, आणि अमेरिकेत त्यांतले बरेच डोळ्याभोवती वापरायला मंजुरी नाही. तिथल्या काही पॅलेटमध्ये म्हणूनच आयशॅडो असं न लिहिता ‘प्रेस्ड पिगमेंट’ लिहितात आणि डोळ्यांजवळ लावू नका अशी सूचना बारीक अक्षरात असते. तीच पॅलेट इथे ऑनलाइन येते आणि ती बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. असा रंग गालावर, कानाच्या पाळीवर, कपाळाच्या नक्षीत वापरा. पापणी सोडा.

शाळेच्या गॅदरिंगला मुलांना वाघ, फुलपाखरू, मावळा करताना पोस्टर कलर तोंडाला फासतात ते मात्र थांबायला हवं. तो रंग कागदासाठी बनवलेला असतो. वाळला की आकसतो, मुलाची त्वचा ओढली जाते, आणि घामाबरोबर तो डोळ्यात उतरतो. पाण्यात मिसळणारे फेस पेंट वेगळे मिळतात, ओल्या स्पंजने लागतात आणि पाण्याने निघतात. एका वर्गाला एक संच पुरतो. शुभेच्छापत्रांवर टाकायची चमकीही तशीच: तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडा पडू शकतो. प्रसाधनाची चमकी बारीक आणि गोलसर कापलेली असते, तीही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून लांबच बरी. आणि नवा कुठलाही रंग आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज नाही, लाली नाही, मग चेहरा.

सुरुवात कुठून करावी? माझं मत आहे की खालच्या पापणीपासून. वरची पापणी मोठी, तिथे चूक दिसते आणि धीर खचतो. खालच्या पापणीच्या केसांलगत मोरपंखी पेन्सिलीची एक रेघ ओढा, वर नेहमीचं काळं काजळ राहू द्या. काळ्याच्या शेजारी मोरपंखी लगेच जागा होतो. ती सवयीची झाली की वरच्या पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागावर तोच रंग बोटाने दाबा. बोट ब्रशपेक्षा चांगलं, कारण उबेने मेण सैल होतं आणि रंग बसतो. त्यानंतर दोन रंग शेजारी ठेवून पाहा. चक्रावर जवळचे घेतले, जसे निळा आणि हिरवा, तर ते एकमेकांत विरतात. समोरासमोरचे घेतले, जसे जांभळा आणि पिवळा, तर दोघेही जास्त तेजस्वी दिसतात, पण मधली सीमा घासली की मातकट होतं. म्हणून असे दोन रंग विरवू नयेत, त्यांच्यात त्वचेची एक बारीक पट्टी सोडावी.

क्रम कसा असावा हे शिकायला पेण जवळ आहे. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत तिथल्या कार्यशाळांत मूर्तीला आधी अंगाचा रंग देतात, मग स्प्रेने गालांना, कानांना, सोंडेच्या वळणांना छटा देतात, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा हात वेगळा आणि मानाचा असतो. बारीक कुंचल्याने तो भुवई, पापणी, बुबुळ ओढतो आणि मातीत एकदम नजर येते. चेहऱ्यावरही हाच क्रम नीट चालतो: पाया, छटा, शेवटी रेघ. लायनर आधी ओढून मग त्याच्याभोवती रंग भरायला गेलात तर रेघही जाते आणि रंगही. आणखी एक गोष्ट. दोन्ही डोळ्यांचं काम सोबत पुढे न्यावं, एक पूर्ण करून मग दुसरा असं नाही. नाहीतर दुसरा डोळा पहिल्याची नक्कल करण्यात कडक होतो.

उजेड सगळ्यात जास्त फसवतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली निळा मरतो आणि केशरी बळावतो, एलईडीच्या पांढऱ्या उजेडात उलट होतं. आरसा खिडकीकडे तोंड करून ठेवावा. पनवेलच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ढगाळ उजेड निळसर असतो आणि त्यात विटकरी, तांब्याचे रंग उबदार दिसतात. त्याच दिवसांत हवेतल्या दमटपणाने पावडरीच्या वड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. डब्या बाथरूममध्ये ठेवू नका, ब्रश आठवड्याला सौम्य शाम्पूने धुऊन पंख्याखाली आडवे सुकवा. ओले ब्रश उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरतं आणि केस गळतात. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांत टाकून द्यावा, मैत्रिणीला लावायला देऊ नये. डोळे येण्याची साथ शाळा-कॉलेजांतून अशाच वाटांनीही फिरते.

रंग काढताना घाई करू नये. मेणात बसवलेला रंग साबणाने निघत नाही, घासून डोळे मात्र लाल होतात. कापसावर थोडं खोबरेल तेल घ्यायचं, मिटलेल्या पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसतं ठेवायचं, मेण विरघळू द्यायचं, आणि मग वरून खाली एकदाच पुसायचं. राहिलेलं तेल फेसवॉशने काढायचं. तेलाने पुरळ येणारी त्वचा असेल तर मायसेलर वॉटर घ्यावं, रीत तीच. सकाळी उठल्यावर पापणी कोरडी, सुजलेली नाही, खाजत नाही असं दिसलं, की पुढच्या रंगाची डबी उघडायला हरकत नाही.